काठ

भरमाण्णा गेल्यावर वडगावातले दोन्ही माग विकले.
राहिला कॉम्प्युटर. त्यात एकच झिप फाईल:
काठ सगळे.

क्लिक केलं तर पासवर्ड मागितला.
बेळगाव घातलं. नाही.
बेळगावी. तेही नाही.
वहिनी आतून म्हणाली,
"मागाचा आरआर नंबर घालून बघ की."
लाईटबिल कानडीत,
आकडे तेवढे वाचता आले.

मग उलगडत गेले
साड्यांचे तीनशे बारा काठ,
कुयरी, रुईफूल, कुठली कुठली वेल,
आणि एक अर्धाच मोर.
त्याचं नाव 'उद्या बघू'.

निम्म्यातच स्क्रीन म्हणाली, जागा संपली.
वहिनी हात पुसत आली.
"घडी मोडलास न्हवं,
आता कुठं मावतंय सगळं?"

बाकीचे पुसले.
मोर उघडाच ठेवला,
रात्रभर कॉम्प्युटरचा पंखा खरखरत होता.