पासंग

रात्री अडीचला अपाचेता खिंडीत
बाटलीतलं शेवटचं पाणी प्यायले, बूच घट्ट लावलं.
उजाडता पिस्कोपाशी पाहिलं
तर बाटली पोटातून आत गेलेली,
कुणी मुठीत धरून चुरगळावी तशी.
तशीच बॅगेत टाकली.

लिमात उतरले तेव्हा नऊ वाजले होते.
जुलै. ऊन नाही, पाऊसही नाही.
आभाळ म्हणजे पिळायचा राहून गेलेला फडका,
त्याखाली हॉर्न, हॉर्नखाली माणसं.
हमालाने बसच्या पोटातून माझी पेटी ओढली आणि तिथेच बसला.
"काय भरलंय बाई, दगड?"
"वजनं."
"कसली वजनं?"
"बाकीची वजनं खरी की खोटी ते सांगणारी."
तो हसला नाही. दोन सोल जास्त मागितले.
वाजवी होते, दिले.
पावती नव्हती त्याच्याकडे,
म्हणजे ते दोन सोल माझ्याच पदरचे.

ला विक्तोरियातलं हॉटेल. जिन्यात तळलेल्या कांद्याचा वास.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, किती दिवस?
तीन.
कशासाठी?
काम.
इथे कुणी आहे का तुमचं?
मी जरा विचार केला. तोवर तिने रेघ मारून टाकली होती.

खोलीत टेबल एका पायाने लंगडं. पायाखाली
हॉटेलचंच माहितीपत्रक घडी करून सरकवलं.
काटा मांडला, त्यावर एक किलोचं पितळी वजन ठेवलं:
एक हजार, दशांश सात.
आयाकुचोत निघताना बरोब्बर हजार होतं.
घाबरण्यासारखं काही नाही.
डोंगरापेक्षा समुद्राकाठी जमीन जरा जोराने ओढते, इतकंच.
वीस किलोला चौदा ग्रॅम.
काट्याला दर वेळी सांगावं लागतं,
बाबा रे, आपण आता इथे आहोत.
दोन बटणं एकदम दाबायची, श्वास धरायचा.
ऐकतो तो.

मग फोर्तुनाताबाईंचं चीज ठेवलं, मुलासाठी दिलेलं.
"किलोभर आहे हो, मोजून दिलंय!"
नऊशे चाळीस.
चौकातल्या तिच्या दुकानातला काटा
तपासायचं मी गेली अकरा वर्षं विसरते आहे.

आबिलिओ रात्री आला, पहाऱ्याची पाळी उरकून,
गणवेशातच. बाह्या लांब, दुसऱ्या कुणाच्या मापाच्या.
जिन्यातच उभा राहिला, वर या म्हटलं तरी येईना.
केळीच्या पानातलं चीज तळहातावर घेतलं,
डोळे मिटून जरा खाली-वर केलं.
"किलो," म्हणाला.
माझी सही असते हो कागदावर. माझ्या सहीवर
बाजारच्या बाजार बंद पडलेत.
"किलो," मी म्हटलं. "वर थोडं झुकतंच."
मग त्याने विचारलं, तिकडे थंडी फार पडली का यंदा.
मी सांगितलं, पडली.
गेला. खालचं दार आपटलं,
मग परत उघडून हळू लावलं कुणीतरी.

पावणेतीनचा गजर.
व्हिया मारियाच्या मासळीबाजारात दिव्यांचा पांढरा उजेड,
पायाखाली बर्फाचं पाणी, बोनितोचे ढीग
नुकत्या पुसलेल्या भांड्यांसारखे.
माझी पेटी दिसताच तीन काटे अचानक "बिघडले."
तेओदुलोचा बिघडला नाही. मी पारडं उचललं,
खाली चिकटपट्टीने लावलेला गुळगुळीत खडा,
नदीतला, नीट निवडून आणलेला.
"पासंग आहे मॅडम, जुना काटा, आजोबांच्या वेळचा..."
वजन ठेवलं. किलोमागे साठ ग्रॅम.
"साठ ग्रॅम!" तो हात पसरून म्हणाला, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं.
"एवढ्या मोठ्या शहरात साठ ग्रॅम म्हणजे काय?
सांगा ना, कुणाला पुरतात?"

"पुरतात," मी म्हटलं,
आणि सील दाबलं.