सव्वादोन मिनिटं

पहिला व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता.
नमस्कारातच दोन गेली,
मग इंटरनेटचा इतिहास, आणि माझा आवाज
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.
बघणारे सतरा. त्यातले नऊ घरचे.

आता उद्यमनगरात, खालचं लेथ थांबलं की
माळ्यावर बसतो. मोबाईल बांधलेला
ड्रिलच्या मोडक्या स्टँडला, तोंड खाली करून.
फक्त हात दिसतात.
एका वेळी एकच गोष्ट, सव्वादोन मिनिटांत.
फोटो कसा पाठवायचा. अक्षर मोठं कसं करायचं.
ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.
बायकोलासुद्धा? बायकोलासुद्धा.

हिंदुराव मोल्डरला म्हणालो, स्क्रीन दाबा.
त्यांनी दाबली,
पस्तीस वर्षं वाळूत साचा दाबला तशी.
सगळी चित्रं जागच्या जागी थरथराय लागली.
"भ्यालं की रं हे!"
म्हणून त्यांनीच हात मागं घेतला.

म्हणजे 'दाबा' नको.
'स्पर्श करा' म्हटलं तर गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं.
'टच करा' म्हटलं तर मालनकाकी म्हणाल्या, मराठीत सांग.
मग 'शिवा' म्हणून बघितलं.

चप्पल लाईनीत परसूमामा सातपुते
वादी ओवता ओवता थांबले.
"शिवायचं तर जल्मभर केलं," म्हणाले,
"पर ह्येला शिवा, असं कोण म्हणलं न्हवतं.
आजा असता तर दावला असता त्येला तुजा व्हिडिओ."
आणि हसले.
मी हसायचं का, कळलं नाही.

शेवटी काकींनीच सोडवलं, गंगावेशीत,
धारेचा ग्लास हातात देता देता:
"तवा तापलाय का बघतोस न्हवं बोट लावून?
तेवढंच."
तो व्हिडिओ माझ्या मावशीच्या नणंदेनं
मलाच पाठवला, 'बघ, उपयोगाचा आहे' म्हणून.
मला वाटलं, जमलं.

मग त्या मंगळवारी केएमटीत, रंकाळ्याच्या अलीकडं,
पुढच्या सीटवर माझाच आवाज.
पिवळा फेटा, गुडघ्यावर खताची पिशवी,
मोबाईल दोन्ही हातांनी धरलेला.
"आता सेटिंगमध्ये जा," मी म्हणत होतो.
त्यानं मागं घेतलं.
"आता सेटिंगमध्ये जा."
परत मागं.
"आता सेटिंगमध्ये जा."
शेजारच्या पोरीला विचारलं, "जायचं म्हंजे कुठनं?"
तिच्या कानात गाणं होतं.
तो खिडकीतून बघत राहिला
त्या गावाची पाटी येईल तशी.

मी दोन हात मागं होतो.
वाकून सांगता आलं असतं.
माझा स्टॉप येऊन गेला तरी
मी माझ्याच आवाजाला घाबरून बसलो होतो.

रात्री 'जा' खोडला.
कुठं जायचं नसतं. माणूस तिथंच असतो, बाकावर, बांधावर,
आपण उगाच त्याला हाकलतो.
नवीन वाक्य लिहिलं:
करड्या रंगाचं चाक शोधा, दात्यांचं, गिअरसारखं.

हिंदुरावांना आधी दाखवला.
"दातं किती?"
मी मोजले नव्हते.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रीन नाकाशी नेली, ओठ हलवत मोजले.
"आठ हाईत. सांग तसं.
आठ दात्याचं म्हणल्यावर चुकायचा न्हाई गडी."

सांगितलं.
सव्वादोनाची अडीच झाली.