चार टक्के

ताल्लिनच्या बंदरात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी आहे, पण पडदा कायम ओढलेला.
समुद्र आम्ही आतच ठेवतो,
चौकटीचौकटींचा, बिनवासाचा.
बटण दाबलं की वारं सुटतं.

काल रात्रभर एकच जहाज पाठवत राहिले
एकाच वाटेनं, दहा हजार वेळा.
प्रवाह बदलला, धुकं बदललं,
सोनारवरच्या पोराची झोप बदलली
(तीही धरतो हिशेबात, तासांत).
नऊ हजार सहाशे वेळा जहाज घरी आलं.
चारशे वेळा
एक बारीक लाल ठिपका,
की लगेच पुढची फेरी.
आवाज होत नाही. तशी सोयच केलेली नाही.

सुरुंगांच्या याद्या जुन्या, दोन युद्धांच्या.
पेरणारे पेरून गेले,
उगवणीचं कुणी लिहून ठेवलं नाही.
प्रांग्ली बेटावरच्या हेल्दुरची वही मात्र मिळाली.
मासळीच्या भावाशेजारी पेन्सिलीची फुली :
‘इथं जाळं कापलं. पुन्हा नको.’
त्याच्या ‘पुन्हा नको’ला मी
शून्य पूर्णांक तीन एवढं वजन दिलं.
म्हातारा, एकटा, साक्षीदार नाही.

सकाळी कमांडर पिह्लाक आले. कोट ओला, बसले नाहीत.
“शहाण्णव,” मी म्हटलं.
“आणि चार कुठे आहेत?”
“ते एका जागी नसतात, सर.
सगळीकडे थोडेथोडे असतात.”
त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे.
“जहाजावर एकतीस जण आहेत,” म्हणाले,
“त्यांचे चार टक्के काढू नकोस.”

मी आधीच काढले होते.
एक माणूस, आणि पाव.

मग नकाशावर वाकून त्यांनी
हेल्दुरच्या फुलीला बोटानं वळसा घातला.
तीन तास जास्त. डिझेल जास्त.
माझ्या आलेखात त्या वळशानं
रेषभरही फरक पडत नव्हता.
तसं मी सांगितलं. सांगणं माझं काम.
“लिहून ठेव,” म्हणाले, “तू सांगितलं होतंस म्हणून.”

ते गेल्यावर पडदा सरकवला.
समुद्र राखाडी, धक्क्यावर दोरखंड गुंडाळणारी
एक मुलगी, नाक पुसत, हातमोज्यानं.
तिची झोप किती झाली असेल,
पहिल्यांदाच मला आकड्यात सुचेना.

संध्याकाळी जहाज परत आलं.
एकदा.
एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.