काढणावळ

गणपती पेठेतल्या आमच्या पेढीवर
एकाच आठवड्यात तीन पोरं आली.
तिघांच्या गळ्यात ओळखपत्राची फीत,
तिघंही ढग विकत होती.

एकाचा ढग मुंबईत. एकाचा पुण्यात.
तिसऱ्यानं नकाशाच उलगडला,
हैदराबाद, सिंगापूर, म्हणाल तिथं.
जिनगोंडा आण्णांनी चष्मा कपाळावर सारला.
"आमचं जाणं हरिपुरापर्यंतच."

मी पेढीची हिशेबनीस.
टॅली माझी, प्रिंटरचा रुसवा माझा,
आणि एकोणीसच्या ऑगस्टात
जिन्याखालच्या कपाटात राहिलेला सर्व्हर,
तोही माझाच.
आयर्विनच्या पट्टीवर सत्तावन्न फूट,
मी माधवनगरला बहिणीकडे, फोनला रेंज नाही,
इकडे नऊ वर्षांच्या पट्ट्या गाळात.
पाणी ओसरल्यावर डबा उघडला तर
आत एक मेलेला खेकडा
आणि हळदीचा वास.

म्हणून मी कोष्टक केलं. तीन रकाने, एकवीस ओळी.
जीबीला भाव रुपयात, बिल डॉलरात.
मराठीत बोलणारं कुणी आहे का?
तिघांचंही उत्तर, हिंदी चलेगा?
एकाचं बिल आमच्या हमालीच्या चिठ्ठीसारखं,
हाक मारली की पैसे, ओ दिली की पैसे.
एकाचं पहिलं वर्ष फुकट.
आण्णा म्हणाले,
फुकटचं पोतं आधी उलटं करून बघावं.

कोष्टक त्यांनी बघितलंच नाही.
प्रत्येकाला चहा पाजला
आणि पेवाचं सांगितलं.
हरिपूरची माती, वीस-पंचवीस फूट खोल,
तोंड माणूस उतरेल एवढंच,
आत हळकुंडं वर्षानुवर्षं, कीड नाही.
"पाच सालच्या पुरात गेली बरीच.
पण भरणं सोपंच असतं, बाळ.
उघडताना जपायचं.
झाकण काढून तासन् तास बसायचं,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर कुणी उतरायचं नाही."

मग विचारलं,
"तुमच्यात काढणावळ किती?"

कोष्टकात ती ओळ नव्हती.
बाविसावी. माझ्याकडून राहिलेली.

पहिला हसला. काढायची वेळच येणार नाही, सर.
दुसऱ्यानं एक पान दाखवलं,
तळाशी एक चांदणी, चांदणीपुढं मुंग्यांएवढी अक्षरं.
तिसरा इस्लामपूरचा,
बूट दाराशी काढून बसलेला,
एका मोज्याला भोक.
म्हणाला, "मला माहीत नाही. विचारून सांगतो."

रात्री साडेदहाला त्याचा फोन.
भरायला फुकट, काढायला पैसे, आकडा हा.
मी दोनदा विचारला. दोनदा तोच आला.
तिघांत तो कमी नव्हता,
उलट थोडा जास्तच.

सकाळी आण्णांनी उपरणं काढलं,
पूर्वी सौद्याला हातावर टाकायचे
तसं माझ्या माउसवर टाकलं
आणि आत हात घालून
तीनदा टिचकी मारली.
शिवलिंगप्पा दिवाणजी मान हलवत वर गेले.
ते अजून वही लिहितात. वही माळ्यावर असते.
तिची काढणावळ म्हणजे एक शिडी
आणि त्यांचे गुडघे.

अमावास्येला सौदे बंद.
त्या दिवशी मी दार निम्मं ओढून घेते,
ढगातून एक जुनी पट्टी परत मागवते,
कुठलीही एक.
परवा आरगच्या कल्लाप्पा खोतांची मागवली.
राजापुरी, सतरा पोती, तोलाई, हमाली,
वजनात अर्धा किलोची तूट,
ज्यावरून ते दुपारभर भांडले होते.
एकोणीसच्या आधीचं मागून बघत नाही मी.

आतल्या खोलीतून आण्णा विचारतात,
"जळतोय का गं?"

पडद्यावर ते गोल चक्र फिरत असतं.
फिरतं. फिरतं.
मी लगेच उत्तर देत नाही.