कोंबड्याची इस्त्री

सातवी ब. इंधनांचा धडा.
फळ्यावर तीन रकाने: घन, द्रव, वायू.
द्रवापाशी ऋतुध्वज मोहिते उभाच राहिला.
वडील कोयलीच्या रिफायनरीत,
रात्री गच्चीवरून दिसणारी ती ज्योत
जणू यांच्याच देवघरातली.
वायूला झुबेर घांची: अब्बांची रिक्षा,
पहाटे साडेचारपासून सीएनजीची रांग,
आणि भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, बेन,
आत नवरी असली तरी.

घनाखाली एकटा कोळसा.
मी म्हटलं, हा आता गावात कोण वापरतंय?
आणि पुढे गेले.
भाविशा मकवाणा वहीत मान घालून
रकाना आखत राहिली.

शनिवारी सकाळची शाळा. ती उशिरा आली,
फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून,
तिरकी तिरकी चालत.
टेबलावर ठेवलं तेव्हा
हजेरीपटावरचं पेन उडून खाली पडलं.

पितळी इस्त्री. झाकणाच्या कडीवर कोंबडा,
तुरा झिजून गुळगुळीत.
सहा किलो, म्हणाली. भंगारवाल्यानं तोलली होती,
आईनं दिली नाही.
निखारे नाही आणले. आई म्हणाली, शाळेत नको.

मांडवीच्या अलीकडे, बँकेच्या भिंतीला लागून
तिच्या आईची गाडी.
माझ्या साड्या तिथूनच येतात.
अंगावरची, आत्ताची सुद्धा.
निऱ्यांवर माझा हात आपोआप गेला.

एकेकानं उचलून पाहिली.
झुबेरनं एका हातानं, मग दोन्ही हातांनी.
कोणीतरी कोंबडा फिरवला, झाकण उघडलं,
मूठभर राख माझ्या प्रश्नपेढीवर.
हसू ओसरल्यावर मी खडू घेतला
आणि आमच्या घरची इस्त्री काढली, प्लगची.
प्लगपासून वायर, वायरपासून खांब,
खांबापासून ती हिरवी पेटी, जिला हात लावायचा नाही,
मग मनोरे, शेतांमधून पाय फाकून उभे,
फळा संपला म्हणून भिंतीवर थोडंसं,
आणि शेवटी एक बॉयलर.
आता याच्याखाली काय जळतं?

मीच विचारलं.
मीच लिहिलं, कोळसा,
आणि खडू तिथेच थांबला.

'तो फेर शुं, बेन?' भाविशा म्हणाली.

फेर म्हणजे फरक, हे मला कळतं,
वीस वर्षं याच भाषेत शिकवतेय.
पण घरी मराठी बोलणारा कान आगाऊ असतो,
त्यानं आधी दुसराच फेर ऐकला,
पोरी हात धरून धरतात तो, गोल,
जिथून निघाला तिथेच येणारा.
उत्तरं होती माझ्याकडे. तापमान, नियंत्रण,
कार्यक्षमता, तीन ओळींत मावणारी.
म्हटली पण.
मग ऋतुध्वज म्हणाला, आणि धूर?
शेवटच्या बाकावरून पार्थिव परमार,
जो हजेरीलाही बोलत नाही:
माझ्या मामाकडे. महीच्या काठी.
तिथे दोरीवरचे कपडे आधी झटकतात,
मग घडी घालतात.

बेल झाली. इस्त्री परत फडक्यात.
दोघींनी मिळून जिन्यावरून उतरवली,
भाविशानं आणि कोंबडा फिरवणारीनं.
भिंतीवरचा बॉयलर पुसायचा राहिला.
शिपाईकाका सोमवारी बोलले मला, बरंच.

सहामाहीत प्रश्न होता:
कोळशाचे दोन उपयोग लिहा. गुण दोन.
पेपर तपासत होते रविवारी दुपारी.
भाविशाचं अक्षर उभं, डावीकडे रेललेलं:
१. बेनची साडी.
२. बेनचा पंखा.

नमुना उत्तरात यातलं काही नव्हतं.
मी वर पाहिलं. फिरत होता.