शंभर कोंबड्यांची पहाट

आमच्या पैशाचं नाव क्वाचा.
क्वाचा म्हणजे उजाडलं.
त्याच्या शंभराव्या तुकड्याला म्हणतात तंबाला, म्हणजे कोंबडा.
ज्यांनी बारसं केलं
त्यांचा हिशेब सरळ होता:
शंभर कोंबडे आरवले की एक पहाट.

कोंबडे बाजारातून कधीच गेले.
पहाटा उरल्यात, मळक्या, तेलकट,
ब्लँटायरच्या मिनीबसमध्ये कंडक्टरच्या बोटांत
उभ्या दुमडलेल्या.

काल संध्याकाळी रेडिओवर कुणी साहेब
घसा साफ करून म्हणाले, समायोजन.
दुकानाचं शटर अर्धं ओढून
मॅनेजरने आम्हा चौघींना थांबवून घेतलं,
लेबलं मारायची पिस्तुलं हातात दिली:
सकाळच्या आत सगळं.

साबण. मीठ. मेणबत्त्या.
परदेशातून आलेली सफरचंदं, जी विकली जात नाहीत
पण दुकान दुकानासारखं दिसावं म्हणून असतात.
मी एनेलेसी, अकरा वर्षं इथे.
तांदळाच्या पिंपावरचं लेबल नखाने खरवडलं
तर खाली दुसरं, त्याखाली तिसरं,
तळाशी एक किंमत इतकी एवढीशी
की फालेसी खळखळून हसली
आणि मधेच थांबली.
त्या भावाच्या साली तिचं लग्न झालं होतं.

वीज दोनदा गेली.
अंधारात आम्ही किमतींवर बसून राहिलो.

लायसन, माझा मुलगा, पंपावर आहे
मालकाची मिनीबस घेऊन, परवापासून.
पेट्रोल नाही कारण डॉलर नाहीत,
डॉलर नाहीत कारण तंबाखू अजून लिलावात आला नाही,
असं त्याला रांगेतल्या एका मास्तरांनी समजावलं.
मास्तर फळ्यावर शिकवावं तसं
बसच्या धुळकट काचेवर बोटाने लिहीत होते.
त्यांचाही पगार तंबाखूबरोबरच वाळतोय कुठेतरी.

मागच्या महिन्यात लांबून पाहुणे आले होते, फायली घेऊन.
तळ्याकाठी त्यांनी चांबो मासा खाल्ला,
काटे नीट बाजूला काढून,
आणि म्हणाले, औषध कडूच असतं.
औषधाचं मला वावडं नाही.
चमचा दर वेळी आमच्याच घरी कसा येतो,
एवढंच विचारायचं होतं.
पण त्या जेवणाला मी नव्हते.
माझी मावसबहीण होती, ताटं उचलायला.

निवडणुकीत एका पक्षाने चितेंजे वाटली, नेत्याचं तोंड छापलेली.
दुसऱ्यानेही वाटली.
एकावर मी उसिपा वाळवते, दुसरं झाकण म्हणून वर.
माशांना दोन्ही तोंडं सारखीच.

पहाटे चारला पिस्तूल अडलं.
त्यात आकड्यांची चाकं पाच,
आणि तांदळाचं मोठं पोतं
रात्रीतून सहा आकड्यांत गेलेलं.
मॅनेजरने पेन पुढे केलं.
शेवटचं शून्य मी हाताने काढलं,
जरा वाकडंच आलं.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणे.
आमचं कुणी झाकलं नव्हतं.
गेल्या आठवड्यात मीच विकलं,
सासूबाईंच्या गोळ्यांसाठी.

न्दिरांडेच्या चढावर पोचले तेव्हा
डोंगरामागे सगळं लाल झालेलं,
आणि दुसऱ्याच कुणाचा कोंबडा
घसा फोडून ओरडत होता.
घरात टेबलाच्या लंगड्या पायाखाली
सासऱ्यांनी ठेवलेला एक तंबाला आहे अजून.
टेबल हलत नाही.

लायसन दारात उभा, बस पंपावरच सोडून आलेला.
तळहातावर खडूने लिहिलेला नंबर, दोनशे बारा,
घामाने फिसकटलेला.
न्सिमा वाढण्याआधी मी पाण्याचा तांब्या पुढे केला:
हात धू.

त्याने मूठ मिटली.
आई, डाव्या हाताला पाणी नको.
नंबर पुसला
तर पुन्हा शेवटून.