पाण्यात

चिलोए बेटावर आमची शेड, चारी अंगांनी वारा खाणारी.
पाच माणसं, तीन होड्या,
आणि कामांची यादी म्हणाल तर ज्याची त्याच्या डोक्यात.
म्हणून 'दोन्या उल्दा'ची एकच फट दोघांनी दोनदा भरली,
आणि तांब्याचे खिळे मागवायचे होते
ते प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने मागवले.

रोसाल्बाची भाची येसेनिया पुएर्तो मोंतहून आली,
हातात टॅबलेट, त्यात रंगीत चौकोन,
बोटाने सरकवायचे.
शेडमध्ये नेटवर्क येईना.
दोन दिवस ती नुसती बघत बसली.
तिसऱ्या दिवशी एका मोडक्या नावेची बाजू भिंतीला टेकवली,
कोळशाने तीन रेघा, चार रकाने:
घ्यायचंय. चालू. अडलंय. पाण्यात.
छपरावरून उतरवलेली जुनी लाकडी कौलं,
एका कामाला एक,
वर भोक पाडून खिळ्याला अडकवायची.

(जगात आमचाच धंदा असा असेल,
जिथे केलेलं काम पाण्यात गेलं
की माणसं टोप्या उडवतात.)

एलेओदोरो म्हणाला, माझं मला ठाऊक आहे.
सत्तरी उलटलेला. अलेर्सेच्या सालीचे तंतू
फटीत ठोकता ठोकता
नुसत्या आवाजावरून सांगायचा, इथे आत पोकळ आहे.
तरी रोज सकाळी तोही फळ्यापुढे यायचा,
टोपी काढून, चर्चमध्ये आल्यासारखा.
एक कौल काढायचा, नाकाजवळ धरायचा,
आणि भलतंच काम करून ठेवायचा.
सुकाणू सांगितलं तर वल्हं.
आठवड्याभरात 'अडलंय'च्या खिळ्यांवर सात कौलं.
सातही त्याची.

फळा कुणाला बोलत नाही,
हेच त्याचं वाईट.
आधी निदान आरडाओरडा व्हायचा,
त्यात कुणाचं काय राहिलं ते बुडून जायचं.
आता सगळं टांगलेलं, उजेडात,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेलसं.
"म्हातारा मुद्दाम करतोय," नाउएल म्हणाला. वय अठरा.
फिदेलिनाने त्याच्याकडे पाहिलं नाही.
ती एलेओदोरोच्या हाताकडे पाहत होती.
कौल उलटं धरलेलं.
अक्षरांचे पाय वर.

त्या दुपारी कुणी काही बोललं नाही.
बटाटे नेहमीसारखे वाटून घेतले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कौलावर, अक्षरांच्या खाली, चित्र होतं.
खिळा. वल्हं. सुकाणू. फटीची वाकडी रेघ.
डांबराची किटली, वाफेसकट.
माणसांची नावं होती तिथे
येसेनियाची वेणी, रोसाल्बाचा चष्मा,
आणि नाउएलचे नुसते कान.
नाउएल सोडून सगळे हसले.
कुणी काढली, ते कुणी विचारलं नाही.
माझ्या नखांत निळा रंग होता खरा,
पण मी रंगारी, तो रोजच असतो.

एलेओदोरो बराच वेळ उभा राहिला.
मग ती सातही कौलं उतरवून
पत्त्यांसारखी हातात पसरली,
लावून घेतली,
आणि पहिलं पान टाकावं तसं
एक 'चालू'वर टाकलं.

अमावास्येचं उधाण चार दिवसांवर आलं होतं.
सकाळी 'घ्यायचंय'खाली एक नवं कौल लटकत होतं,
अक्षर एकही नाही.
लांब आडवी रेघ. तिच्या एका टोकाला
काडीचा माणूस, टोपी घातलेला.
दुसऱ्या टोकाला काहीच नाही.
आम्ही सगळे त्याच्यापुढे जमलो,
इतके दाटीने पहिल्यांदाच.
"मासा गळाला लागलाय."
"नाही, झोका आहे."
"अर्धवट राहिलंय," येसेनिया म्हणाली.
एलेओदोरो पाठमोरा, कानस घाशीत,
न घासायला हव्या त्या जागी.

नाउएलने खाली पडलेला कोळसा उचलला,
रिकाम्या टोकाला दोन मोठे कान काढले,
कौल 'चालू'च्या खिळ्यावर नेऊन अडकवलं
आणि हात पँटला पुसत
फळीचं दुसरं टोक उचलायला गेला.